हातगुणाचा माणूस

लातूरहून निलंग्याच्या रस्त्याला लागलं की डाव्या हाताला आप्पासाहेबांचा माळ येतो. या माळावर पूर्वी कुसळांखेरीज काही उगवत नव्हतं. आप्पासाहेबांची शहरात डाळमिल, हैदराबादच्या व्यापाऱ्यांत उठबस. तिकडची मोठी माणसं गोल्फ खेळता खेळता सौदे उरकतात हे त्यांनी एकदा पाहिलं आणि परत आले ते हे खूळ डोक्यात घेऊनच. माळावर त्यांनी सहा गल खणून घेतले. गोट्या खेळताना पोरं टाच फिरवून करतात तसलेच गल, जरा खोल, आणि प्रत्येकात एक झेंडा. हिरवळीचं नाव काढायची सोय नव्हती. रेल्वेनं आलेलं पाणी ज्या शहरानं रांगा लावून भरलं, तिथं खेळासाठी गवत भिजवलं असतं तर लोकांनी आप्पासाहेबांना शहरात फिरू दिलं नसतं. म्हणून प्रत्येक गलाभोवती जळक्या तेलात कालवलेली वाळू अंथरली. ती वाळू रोज सकाळी फळी ओढून सारखी करायची, बोरी-बाभळींत गेलेले चेंडू हुडकायचे आणि आप्पासाहेब खेळायला आले की काठ्यांची पिशवी खांद्याला लावून त्यांच्या मागं हिंडायचं, हे रविकांतचं काम.

रविकांत आणि आप्पासाहेब एकाच गावचे, निलंगा तालुक्यातले. गाव एक असलं तरी वेशीच्या आत कोण आणि बाहेर कोण हे ज्याचं त्याला ठाऊक. रविकांतचे वडील साहेबराव पाटबंधारे खात्यात चौकीदार होते. घरात बुद्धाची मूर्ती, बाबासाहेबांचा फोटो, आणि बाकी नवससायास, अंगारेधुपारे सगळं बंद. साहेबरावांनी उभ्या जन्मात मुहूर्त पाहिला नाही. "रैवार हाय, सगळ्यांला सुट्टी हाय, ह्योच मुहूर्त," असं म्हणून त्यांनी दोन्ही पोरांची लग्नं लावली. मांजर आडवं गेलं तर ते हटकून त्याच वाटेनं जात आणि पोरांना बोटाला धरून नेत. अशा माणसाच्या पोटचं पोर पुढं अख्ख्या लातूरचा शकुन होऊन बसलं. ते बघायला साहेबराव उरले नव्हते, हे एका अर्थी बरंच झालं.

हे घडलं ते एका तेलमिलवरून. निलंगा नाक्यावर एक जुनी बंद तेलमिल विकायला निघाली होती. आप्पासाहेबांचा तिच्यावर डोळा होता आणि उदगीरच्या विरूपाक्ष शेटचाही. दोघं इरेला पेटून भाव चढवत बसले असते तर विकणाऱ्याची दिवाळी झाली असती. तेव्हा दोघांनी शहाण्यासारखं ठरवलं की माळावर डाव खेळायचा आणि हरेल त्यानं मिलचा नाद सोडायचा.

पाच गलांपर्यंत डाव बरोबरीत आला. सहावा गल ओढ्यापलीकडं, जवळच. विरूपाक्ष शेटनं मारलेला चेंडू झेंड्यापासून वीतभर अंतरावर जाऊन थांबला. आप्पासाहेबांनी ते पाहिलं, ताकद लावायला काठी उचलली आणि तशीच खाली टाकली. कमरेत उसण भरली होती. त्यांना सरळही होता येईना आणि बसताही येईना. तरी मिल सोडवेना.

"माझ्या बदली माझा माणूस मारंल," ते वाकल्या वाकल्या म्हणाले. "क्रिकेटात रनर देतेत का न्हाई?"

खेळाच्या कायद्यात हे बसतं का, हे दोघांपैकी एकालाही माहीत नव्हतं. लातुरात कायदा खेळणाऱ्यांनीच जागेवर करायचा. विरूपाक्ष शेटचा चेंडू वीतभर अंतरावर. त्यांना हसू आवरेना. "मारू द्या की, आप्पा. कोनबी मारू द्या," ते म्हणाले.

माळावर कुणी नसताना रविकांतनं तिथून शेकडो वेळा चेंडू मारून पाहिला होता. एकदाही तो गलात गेला नव्हता. त्या दिवशी तर फटका साफ बिघडला. चेंडू काठीच्या टोकाला लागून तिरपा सुटला, ओढ्यातल्या काळ्या दगडावर आपटला, उडाला, पलीकडं वाळूत पडला आणि तेलकट वाळूवरून घरंगळत, विरूपाक्ष शेटच्या चेंडूला अंग घासून गलात गेला. एका फटक्यात. विरूपाक्ष शेट बराच वेळ ओढ्याकडंच पाहत राहिले. आप्पासाहेब कमरेची उसण विसरून ताठ झाले आणि त्यांनी रविकांतला मिठी मारली. तोवर ते त्याला रव्या म्हणत. त्या दिवशी रविकांत म्हणून हाक मारली, आणि मिल ताब्यात आल्यावर रविकांतराव. आपलं नाव असं लांबायला लागलं तेव्हाच त्याला शंका यायला हवी होती.

त्या मिलच्या गोदामात आप्पासाहेबांनी भरलेल्या तुरीला त्या साली कधी नव्हे तो भाव मिळाला. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एक गाठ पडली, इतकंच. पण आप्पासाहेबांनी बाजारात सांगितलं, "पोराला हातगुण हाय." आप्पासाहेबांचा शब्द बाजारात तुरीपेक्षा लवकर खपतो. दिवाळीच्या पाडव्याला आडतीवर पहिली रास लागली तेव्हा तिच्यात पहिला हात रविकांतचा. मिलमध्ये नवं यंत्र आलं की बटण रविकांतनं दाबायचं. आप्पासाहेबांची थोरली सून बाळंतपणाला निघाली तर जीपचं दार रविकांतनं उघडायचं. पुढं इतर लोकही त्याला मागून नेऊ लागले. कुठं बोअर पाडायची असली की गाडीला आधी याचा हात. पाणी लागलं तर रविकांतचा हातगुण. कोरडी धूळ निघाली तर त्या माणसाच्या नशिबातच पाणी नव्हतं, त्याला रविकांत तरी काय करणार.

"आवो, तेव्हा चेंडू दगडाला लागला होता. फटका चुकला होता माझा," तो ज्याला त्याला सांगायचा.

"दगड तिथं कुणी ठिवला?" लोक विचारायचे, आणि यावर साहेबरावांच्या पोराकडं उत्तर असूनही काही उपयोग नव्हता.

आप्पासाहेब वाईट असते तर सुटणं सोपं होतं. ते वाईट नव्हते, हीच अडचण होती. रविकांतच्या आईचं, सरजाबाईचं, डोळ्याचं ऑपरेशन त्यांनी स्वतः उभं राहून करवलं. धाकट्या भावाला मिलमध्ये मुकादम केलं. माळावर पत्र्याची खोली होती, तिथं स्लॅब टाकून दिला, कूलर दिला. मागितल्यावर एक गोष्ट मात्र ते कधी देत नसत, ती म्हणजे रजा. "हंगाम हाय, तू डोळ्यांसमोर पाह्यजेस," म्हणायचे. लातुरात हंगाम कधी नसतो? तुरीचा संपतो तोवर सोयाबीनचा येतो.

रविकांतची बायको बुद्धप्रिया नर्सिंग झालेली. तिला देगलूरच्या सरकारी दवाखान्यात कायमची जागा लागली. ऋतुजा तेव्हा बालवाडीत होती. "म्होरं जा, मी आलोच मागून," रविकांत एसटीच्या खिडकीखाली उभा राहून म्हणाला होता. ऋतुजा आता लिहावाचायला लागली होती आणि त्याचं मागून येणं अजून व्हायचंच होतं. फोनवर ती आताशा त्याच्याशी पाहुण्याशी बोलावं तसं बोलायची, जेवलात का, बरे आहात का.

त्यात देगलूरच्या एका कॉलेजच्या मैदानाला माळी हवा होता. बुद्धप्रियानं शब्द टाकला आणि प्राचार्यांनी ताबडतोब हो म्हटलं. अर्ज नाही, भेट नाही, काही नाही. फक्त उन्हाळ्याच्या सुट्टीच्या आत या म्हणाले. रविकांतला वाटलं, आपण माती ओळखतो, हे त्यांच्या कानावर गेलं असणार. त्याला स्वतःचा फार अभिमान वाटला. कितीतरी दिवसांनी कुणी त्याला कामासाठी बोलावत होतं.

त्यानं आप्पासाहेबांना सांगून पाहिलं. आप्पासाहेबांनी ऐकलं, चहा पाजला आणि डोळ्यांत पाणी आणलं. "तू गेलास तर घरची लक्ष्मी गेली म्हणून समज," ते म्हणाले. पुन्हा सांगितलं, पुन्हा चहा झाला. चहा पिऊन पिऊन रविकांतला पित्त झालं. न सांगता निघून जावं तर मिलमध्ये भाऊ होता, आणि आईच्या डोळ्याचे उपकार होते. माणसाला दोरीनं बांधलं तर तो कुरतडून तरी सुटेल. मायेनं बांधलेल्यानं दात कशाला लावायचे?

मग विरूपाक्ष शेट पुन्हा आले. उदगीरजवळ त्यांनी मोठं गोदाम बांधलं होतं आणि त्यात अर्धी भागी मिळावी म्हणून व्यापारी त्यांच्या दारात बसून होते. पण जुनी हार त्यांच्या मनात सलत होती. ते म्हणाले, "एकच गल खेळू, आप्पा. सहावा. तुमचा मानूस अन् मी. तुम्ही जिंकलाव तर भागी तुमची." आप्पासाहेबांना जिंकण्याची इतकी खात्री की त्यांनी तूर भरलेले ट्रक मिलच्या फाटकात तयार उभे केले. डाव संपला की थेट उदगीर.

रविकांतनं बुद्धप्रियाला फोन लावला. "हरलं तर घरचं काई जात न्हाई, नुसती भागी हुकतीय," तो म्हणाला. "मी मुद्दाम चुकवतो. एकदा चुकलो की हातगुण संपला, मग मला कोण इचारतंय."

"मुद्दाम चुकायचं? त्यापरीस तोंडानं न्हाई म्हणा की," ती म्हणाली.

"तोंडाचं कोण ऐकून राहिलंय? सगळे हाताकडंच बघतेत."

सकाळी माळावर बाजारातली निम्मी माणसं जमली होती. विरूपाक्ष शेटनं आधी मारला. चेंडू वाळूच्या कडेला थांबला, धड जवळ नाही, धड लांब नाही. रविकांतनं काठी घेतली. गलात घालण्यासाठी मारताना कधी झाली नव्हती एवढी धाकधूक त्याला चुकवताना झाली. ओढ्यात मारावा तर तिथं तो मेला दगड. त्यानं उजवीकडच्या बाभळींकडं पाहिलं, पाय रोवले आणि सगळं बळ लावून हाणला. चेंडू बाभळींच्याही पार, रस्त्यापलीकडच्या उसात गेला. गर्दी हळहळली. रविकांतला मात्र आतून इतकं हलकं वाटलं की हसू येऊ नये म्हणून त्याला खाली बसून बुटाची नाडी बांधावी लागली.

आप्पासाहेबांनी त्या हाताला काठी धरताना पुष्कळदा पाहिलं होतं. लोक पांगल्यावर ते जवळ आले. "बाभळीकडं बघून मारलास. मुद्दाम मारलास," ते म्हणाले.

"हाव," रविकांत म्हणाला.

"कामून?"

"मला जायचंय, आप्पासाहेब. देगलूरला, लेकराकडं."

"तसं बोलायचंस."

"बोललो. लई बार बोललो."

आप्पासाहेबांचा चेहरा पडला. रागापेक्षा त्यात दुखावलेपण जास्त होतं, आणि ते पाहून रविकांतला वाईटही वाटलं. "उद्यापून माळावर दिसू नको," एवढं बोलून ते जीपकडं चालू लागले. सुंठीवाचून खोकला गेला. रविकांतनं त्याच दिवशी ट्रंक भरली, सरजाबाईनं फोटो आणि मूर्ती लुगड्यात गुंडाळली. आपली मुकादमी जाते की काय म्हणून भाऊ संध्याकाळभर दारातून आत-बाहेर करत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघं लातूरच्या स्टँडवर होते. देगलूरची गाडी लागली. सरजाबाई खिडकीशी जाऊन बसली, भाऊ ट्रंक वर चढवू लागला. तेवढ्यात आप्पासाहेबांची जीप फाटकातून सरळ आत शिरली, जिथं फक्त एसटीला परवानगी असते तिथं. आप्पासाहेब उतरले ते धावतच आले. हातात हार होता.

"रविकांतराव, विरूपाक्षचं गोदाम जळालं," ते धापा टाकत म्हणाले. "राती. तारांची ठिणगी पडली म्हणतेत. माणूस वाचला, माल गेला. काल जिंकलो असतो तर माझी समदी तूर तेच्यात असती."

रविकांत तेव्हा पायरीवर एक पाय ठेवून उभा होता. त्याला सगळं कळून चुकलं. "आप्पासाहेब," तो म्हणाला, "मी मुद्दाम चुकवलं. तुम्ही सोताच्या डोळ्यानं बघितलं."

"म्हणूनच तर," आप्पासाहेब म्हणाले. "तुला वाटून राहिलं, तू चुकवलंस. हाताला आधी कळलं होतं, तुला मागून कळलं."

नेम लागला तर हातगुण, हुकला तर हातगुण, खोटं बोललं तर तेही, आणि खरं बोललं तर आणखीच. रविकांतला त्या भरल्या स्टँडवर कोंडल्यासारखं झालं. आप्पासाहेबांनी हार घातला, डोक्यावरची टोपी काढली आणि त्याचा उजवा हात दोन्ही हातांत धरून स्वतःच्या कपाळाला लावला. भोवती लोक जमले. कुणी मोबाइल वर धरले. भाऊ ट्रंक तशीच धरून कधी मालकाकडं तर कधी भावाकडं पाहत होता.

खिडकीतून सरजाबाई बोलली. आवाज चढवला नाही तिनं. "आप्पासाहेब, आपलं गाव एकच. माझ्या सासऱ्याची सावली घागरीवर पडली तर तुमच्या आळीत पाणी वतून द्यायचे. आता तेच्या नातवाचा हात सुटंना गेलाय तुमाला. तवा सावली वाईट न्हवती, अन् आता हात चांगला न्हाई. मानसाचा हात हाय तो. सोडा, गाडी जाऊन राहिली."

आप्पासाहेबांची मान खाली गेली. त्यांना लाज वाटली, हे रविकांतला स्पष्ट दिसलं. पण हाताची पकड ढिली झाली नाही. कंडक्टरनं घंटी मारली. शेवटी रविकांतनंच आपला हात ओढून घेतला. थोडा जोर लावावा लागला. त्यानं हार काढून भावाच्या हाती दिला आणि वर चढला. भाऊ खाली राहिला, मालकाशेजारी.

गाडी शहराबाहेर पडली. तिकीट देताना कंडक्टरनं त्याची बोटं जरा जास्तच वेळ धरून ठेवली.

उदगीर जवळ आलं तसा जळक्या तुरीचा वास आत येऊ लागला. रस्त्याच्या कडेला गोदामाच्या काळ्या भिंती उभ्या होत्या, पत्रे वाकून खाली आले होते, आणि राखेतून अजून धूर निघत होता. कडेला खुर्ची टाकून विरूपाक्ष शेट बसले होते. रविकांतनं मांडीवरच्या उजव्या हाताकडं पाहिलं. काल बाभळीकडंच का वळलो आपण? ओढ्यात दगड होता म्हणून, त्यानं स्वतःला सांगितलं. दगड होता म्हणूनच ना? उत्तर यायला क्षणभर उशीर झाला. तेवढ्यानं तो हादरला. मांजराच्या वाटेनं बोटाला धरून नेणारे साहेबराव आठवले, आणि त्याला इतकी शरम वाटली की त्यानं तो हात मांडीखाली दाबून टाकला.

गाव मागं पडल्यावर फोन वाजला. बुद्धप्रियाचा होता.

"गाडीत बसलाव?" तिनं विचारलं.

"हाव. आईबी हाय."

"प्राचार्यांचा निरोप आलाय. उद्या सकाळीच या म्हणाले. कॉलेजच्या नव्या इमारतीची पायाभरणी हाय, पहिली कुदळ तुमच्या हातची पाह्यजे म्हणून. तेच्यासाठीच तर तुमची जागा राखून ठिवली होती म्हणाले."

बाहेर हरभऱ्याची रिकामी रानं मागं पळत होती. "मग तू काय म्हणालीस?"

"म्हणलं, ते माळी हायेत, मैदानासाठी येऊन राहिलेत. हातगुण-बितगुण काई नसतंय, सर. तर ते हसले."

"हसले?"

"हाव. म्हणाले, खरा हातगुण असणारे असंच सांगतेत."

मागून ऋतुजाचा आवाज आला, पप्पा कुठवर आले म्हणून विचारत होती. रविकांतनं फोन तिच्याकडं द्यायला सांगितलं नाही. येऊन राहिलो, एवढंच म्हणून त्यानं फोन ठेवला.

सरजाबाई लुगड्यातली मूर्ती मांडीवर घेऊन बसली होती. मघापासून तिचा चेहरा उजळलेला होता. सासऱ्यांचं कित्येक वर्षांचं देणं तिनं आज भर स्टँडवर चुकतं केलं होतं. "काय म्हणून राहिली सून?" तिनं विचारलं.

"काई न्हाई," रविकांत म्हणाला. "सैपाक करून ठिवलाय म्हणती."